आबांच्या गाडीच्या पट्ट्या

दौंडच्या रेल्वे यार्डात म्हाळू फिटर होता. प्रवासी डब्यांची दारं, खिडक्या, पायऱ्या आणि डब्याच्या अंगावरच्या लांब पट्ट्या हे त्याचं काम. खलाशी, म्हणजे हाताखालचा बिगारी म्हणून लागला आणि हातोडा उचलता उचलता फिटर झाला. त्याच्या पिशवीत पाण्याची एक पितळी लेवल असायची. पट्टी बसवली की तो ती वर ठेवायचा. आतला बुडबुडा मधोमध थांबला तर काम झालं. नाही थांबला तर सगळे स्क्रू काढायचे आणि पुन्हा बसवायचे. हाताखालचे लोक वैतागायचे. डबा मद्रासला जाणार, तिथं कोण बघतंय, म्हणायचे.

"डबा बघतोय," म्हाळू म्हणायचा. "चल, काढ स्क्रू."

त्याचं गाव निमोणं, शिरूर तालुक्यातलं. आई पार्वतीबाई अजून तिथं बौद्धवाड्यात एकटी राहत होती. बाप गेल्यापासून म्हाळू तिला दौंडला चल म्हणत होता आणि ती दरवेळी काहीतरी कारण काढत होती. कधी कोंबडी खुडूक बसलेली, कधी शेजारणीची सून बाळंत व्हायची असायची. खरं कारण ती सांगत नसे. गाव सोडून जायचं ते मान खाली घालून, बाहेरच्या वाटेने, एस्टीच्या फाट्यापर्यंत गाठोडं डोक्यावर घेऊन, हे तिला नको होतं. म्हाळूला ते न सांगता कळत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात त्याला ती गाडी सापडली. यार्डाच्या कुंपणापलीकडे भंगारवाल्याचं आवार होतं. तिथं फुटक्या कढया आणि मोटांच्या लोखंडी चाकांमध्ये एक शेवरलेट उभी होती. चाकं नाहीत, काचा नाहीत, खालचा पत्रा गंजून गळालेला. तरी म्हाळूने ती लांबूनच ओळखली. ती आबांची गाडी होती.

आबा म्हणजे निमोण्याच्या आत्ताच्या सरपंचाचे, सर्जेरावाचे वडील. गावात आलेली पहिली मोटार त्यांची. आबा कोर्टात किंवा पुण्याला निघायचे त्या दिवशी सकाळी बौद्धवाड्यात सांगावा यायचा आणि पार्वतीबाई जायची. गाडीच्या अंगावर पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत चकचकीत पट्टी होती. बंपर होते, दिव्यांच्या कडा होत्या. ते सगळं मऊ राखेनं आणि चिंधीनं घासून आरशासारखं करायचं काम तिचं. बाहेरून तिचा हात लागलेला चालायचा. दार उघडं असलं की मात्र तिनं दोन हात लांब सरायचं. एकदा वाऱ्यानं तिचा पदर आतल्या सीटवर पडला, तर आबांनी गोमूत्र शिंपडून घेतलं आणि तासाभरानं निघाले. म्हाळू तेव्हा तिच्या कमरेएवढा होता. त्यानं ते बघितलं होतं.

आबा गेले. गाडी गोठ्यात पडली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. दुष्काळात सर्जेरावानं गोठा मोकळा केला, तेव्हा जुन्या लोखंडाबरोबर तीही काट्यावर चढली. म्हाळूनं ती भंगाराच्या भावानं घेतली आणि चार खलाशांनी ओंडक्यांवरून ढकलत आणून रेल्वे क्वार्टरमागच्या लिंबाखाली उभी केली. मागचं सीट उपसलं तर खाली गोणपाटात गुंडाळलेल्या सगळ्या पट्ट्या होत्या. कधीतरी रंग द्यायचा म्हणून काढून ठेवलेल्या आणि तशाच विसरलेल्या.

त्या रविवारी तो निमोण्याला गेला आणि आईला म्हणाला, "आबांच्या गाडीतनं तुला दौंडला नेतो. येशीतनं, चावडीवरनं."

पार्वतीबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. "आधी चालती कर," ती म्हणाली. "मग बघू."

चालती करायला वर्षं लागली. ड्यूटी संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी जेवढं होईल तेवढं. इंजीन एका मिस्त्रीनं उघडून दिलं, बाकी म्हाळूनं केलं. दारांचे खालचे पत्रे कापून नवे जोडले. पाटसच्या रस्त्यावर भैरू नावाचा पेंटर होता, गाड्यांना रंग देणारा. त्यानं मूळ रंग टिकलेला, डब्याच्या झाकणाएवढा जुन्या पत्र्याचा तुकडा समोर ठेवून तोच गडद हिरवा रंग जमवला. शहात्तर सालच्या चैत्रात गाडी स्वतःच्या पायांनी लिंबाखालून बाहेर आली आणि परत गेली. आता फक्त पट्ट्या राहिल्या होत्या. आईला त्यानं कळवलं, बुद्धपौर्णिमेला येतो.

त्याच आठवड्यात हौसराव आला. हौसराव निमोण्याचा, सर्जेरावाच्या भावकीतला, म्हाळूच्याच वयाचा. लेकीकडे सोलापूरला चालला होता आणि गाडीला वेळ होता म्हणून चहाला आला. लिंबाखाली बघून त्याचा चहा हातातच राहिला.

"आरं, ही तर आबांची गाडी!"

"व्हती," म्हाळू म्हणाला.

"आन् ह्या पट्ट्या?"

"त्यातच व्हत्या. सीटाखाली."

हौसराव चवड्यावर बसला. गोणपाटावर मांडलेल्या पट्ट्या त्यानं एक एक बघितल्या. गाडीची वेळ झाली तेव्हा उठला. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, आणि या वेळी सोलापूरला जायचं नव्हतं.

"सर्जेरावाचा निरोप हाय," तो म्हणाला. "म्हणतोय, आईला खुशाल ने. गाडीतनं ने, गावातनं ने. जमाना बदललाय, कोण आडवत न्हाई. फकस्त ह्या पट्ट्या लावू नको."

"का बरं?"

"आरं, समजून घे की. पट्ट्या न्हाईत तवर ती एक जुनी गाडी. हिरव्या गाड्या काय, रग्गड हायत. पर पट्ट्या लागल्या की आंधळं बी सांगंल, आबांची गाडी आली म्हून. त्यात तुझी आई बसल्याली. सर्जेरावानं चावडीवर तोंड कसं दाखवायचं?"

"हाय तसंच दाखवायचं. ते काय मी भंगारात घेतलं न्हाई."

हौसरावाला हसू आलं आणि ते त्यानं चहाबरोबर गिळलं. "म्हाळू, तू नोकरदार माणूस. तुझं हितं काय बिघडत न्हाई. पर आई तिथं हाय."

"म्हून तर आणायचीय."

तो गेल्यावर ताईबाई, म्हाळूची बायको, दारात येऊन उभी राहिली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

"आवं, पट्ट्या न्हाई लावल्या तर गाडी चालत न्हाई का?"

"चालती."

"मग?"

"मग ती कुणाची बी गाडी. कुणाच्या बी गाडीत बसायचं तर एस्टी काय वाईट हाय?"

"तुमाला बोलायला येतंय. तिथं आत्याबाईंस्नी पाणी भरायचं आसतंय, रोजानं जायचं आसतंय."

"आजून चार दिस. मग न्हाई भरायचं."

ताईबाई आत गेली. म्हाळूनं त्याच दुपारी पट्ट्या बसवायला घेतल्या. डोकं तापलेलं होतं. तापल्या डोक्यानं असलं काम करू नये हे त्याला ठाऊक होतं, यार्डात तो दुसऱ्यांना हेच सांगायचा.

पट्टी थेट पत्र्यावर बसत नाही. पत्र्याला भोक पाडून त्यात क्लिप अडकवायची, तिच्यावर पट्टी दाबून बसवायची आणि टोकाला आतून नट आवळायचा. जुन्या क्लिपा गंजून गेल्या होत्या. त्यानं खोक्यांना आवळलेली पोलादी पट्टी कापून नव्या वाकवल्या. प्रत्येकीखाली सायकलच्या ट्यूबची चकती कापून घातली, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही आणि पावसाचं पाणी भोकातून आत शिरत नाही. पुढच्या मडगार्डावर मूळ भोकं शाबूत होती. दारांना त्यानं स्वतः नवा पत्रा जोडलेला, तिथं भोकंच नव्हती. मागच्या मडगार्डावर जुनी भोकं होती, पण ती पुढच्यापेक्षा दोन बोटं खाली. म्हाळूनं दोन्हीकडं लेवल लावून बघितली. बुडबुडा एका टोकाला पळाला. कुण्या मिस्त्रीनं कधीतरी चुकीची पाडली असतील, असं त्यानं धरलं. ती भोकं रांग्यानं, म्हणजे वितळवलेल्या कथलानं बुजवली. गाडीची चारही चाकं लाकडी फळ्यांवर घेऊन समपातळीत आणली, पुढच्या भोकापासून मागच्या टोकापर्यंत लेवलनं रेघ मारली आणि त्या रेघेवर ड्रिल चालवलं. संध्याकाळपर्यंत एक बाजू पुरी झाली. मडगार्ड, दोन दारं, मागचं मडगार्ड, चार तुकडे आणि एक रेघ. दार उघडताना पट्टी पट्टीला घासत नव्हती. मधली फट पोस्टकार्डाच्या जाडीची. बुडबुडा चारही ठिकाणी मधोमध.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरू मडगार्डाच्या बुजवलेल्या भोकांना रंग लावायला आला. त्यानं सायकल झाडाला टेकवली आणि गाडीकडे बघत तो तसाच उभा राहिला.

"मामा, गाडी जोडताय का डबा?"

"का?"

"न्हाई, मागचा भाग वर चाललाय जणू. कुत्र्यानं पाय वर केल्यागत."

"लेवल लावलीय," म्हाळू म्हणाला. "बघ पायजे तर."

"लेवलीचं ऱ्हाऊ द्या. रस्त्यावर जाऊन बघा."

म्हाळू गेला नाही. भैरूनं रंग लावला आणि तो निघून गेला. म्हाळूनं दुसऱ्या बाजूच्या पट्ट्या पुसायला घेतल्या. पुसता पुसता दोनदा उठला आणि दोनदा बसला. मग चिंधी टाकली आणि रस्त्यावर गेला.

डबा सरळ असतो. छप्पर सरळ, खिडक्यांची ओळ सरळ, खालची कड सरळ, म्हणून पट्टीही सरळ. या गाडीत सरळ काहीच नव्हतं. छप्पर मागं उतरत होतं. खिडक्यांची खालची कड उतरत होती. मागचं मडगार्ड बसक्या बैलाच्या पुठ्ठ्यासारखं खाली गोल झालेलं. आणि त्या सगळ्या उतरणीवर त्याची पट्टी तेवढी सरळ चाललेली. त्यामुळं ती वर चढल्यासारखी दिसत होती, आणि खरंच गाडी मागचा पाय वर करून उभी होती. मागची जुनी भोकं कुणी चुकीची पाडली नव्हती. ती बरोबर होती. त्यानंच ती बुजवली होती.

म्हाळू बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा होता. ताईबाई बादली घेऊन बाहेर आली, तिनं त्याचं तोंड बघितलं आणि गाडीकडं बघितलं.  तिलाही दिसलं असावं.

दोन बोटांची ही चूक बाकी कुणाच्या ध्यानात आली नसती. चावडीवरून गाडी जाणार, धूळ उडणार, पट्टी चमकणार, लोक आबांची गाडी म्हणणार. तेवढ्यानंही काम भागलं असतं. पण सर्जेराव रोज ती गाडी बघत मोठा झाला होता. त्याला ती रेघ पाठ होती. पट्टी चढलेली दिसली की तो चावडीवर हसला असता. म्हणाला असता, यांच्या हातात गेलं की असंच होतं. म्हाळूला मारामारी चालली असती. हे हसणं त्याला चालणार नव्हतं.

त्यानं चारही तुकडे काढले. दारांची आणि मागच्या मडगार्डाची नवी भोकं बुजवायची म्हणजे आतून पत्र्याचा तुकडा धरून बाहेरून रांगा भरायचा, घासायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा घासायचा. तळहाताला खाच लागेनाशी होईपर्यंत घासायचं. डोळे मिटून बोट फिरवलं आणि भोक सापडलं तर अजून काम बाकी. भैरूला बोलावणं गेलं. भैरू आला आणि हसला नाही. "दोन दारं आन् मागचं मडगार्ड पुरं मारावं लागंल मामा, ठिगळ दिसंल," तेवढंच म्हणाला. रंग कडक वाळेपर्यंत म्हाळूनं गाडीला हात लावला नाही. ड्यूटीवर गेला, आला, लिंबाखाली बसून क्लिपा मोजल्यासारख्या उलटसुलट करत राहिला. पौर्णिमा जवळ येत होती.

रंग वाळला त्या सकाळी त्यानं पिशवीतली लेवल काढून बायकोच्या हातात दिली.

"ही पिठाच्या डब्यात ठेव. गाडी हुईस्तवर मागितली तरी देऊ नको."

"आन् मागितली तर?"

"तर म्हण, हरवली."

मागच्या मडगार्डावरची मूळ भोकं त्यानं रांगा उकरून मोकळी केली. आता पुढची खरी, मागची खरी. मधली दोन दारं त्यांच्यामध्ये बसवायची. पुढून मागं दोरा ताणला तर तोही खोटा पडत होता, कारण दारं बाहेरच्या बाजूला फुगीर. मग त्यानं ताईबाईला बोलावलं. पट्टीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं. ती पट्टी पत्र्याला लावून धरायची, तो पळत रस्त्यावर जायचा, बघायचा, परत यायचा.

"इतकं पळायला काय झालं," ताईबाई म्हणाली. "तुमी धरा, मी बघते."

तो धरून बसला. ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला, एक डोळा मिटला.

"खाली घ्या. मागचं टोक. आजून. आवं, आजून जरा. बास, बास, वर गेलं. हां. तसंच."

"नक्की?"

"नदीच्या पाण्यागत चाललंय बघा. कुठं आडलं न्हाई."

त्यानं खडूनं खूण केली. एका तुकड्याला असा एक तास लागायचा. हाताला पत्रा तापायचा, कपाळाचा घाम डोळ्यात जायचा, तरी पट्टी हलवायची नाही. खूण झाल्यावर ड्रिल, क्लिप, चकती, मग दाराच्या आतल्या पोकळीत हात घालून नट आवळायचा. हात पत्र्याच्या कडेला घासून कोपरापर्यंत सोलायचा. दोन बाजू झाल्या. मग दिव्यांच्या कडा, बॉनेटच्या मधोमधची पट्टी आणि शेवटी बंपर. झालं तेव्हा त्यानं बायकोकडं लेवल मागितली नाही. रस्त्यावर जाऊन बघितलं आणि आंघोळीला गेला.

पौर्णिमेला सकाळी तो एकटाच निघाला. वरवंड, चौफुला, मग उजवीकडं वळून भीमा ओलांडून न्हावऱ्यावरून, बाहेरच्या वाटेनं निमोण्यात. बौद्धवाड्यापुढं गाडी थांबली तशी माणसं जमली. म्हातारी माणसं जवळ आली नाहीत, लांबूनच बघत राहिली. पार्वतीबाई दारात नवं पांढरं लुगडं नेसून बसली होती. ती उठली आणि गाडीभोवती फिरली. डोळे बारीक करून पट्टी बघितली, मागच्या मडगार्डापाशी वाकली.

"बरुबर," ती म्हणाली. "हितं घासायला मला वाकाय लागायचं."

गाठोडी, पत्र्याची पेटी, दोन भांडी आणि जातं. जातं डिकीत टाकलं तशी गाडी मागून बसली. म्हाळूनं ते उचलून पुढं आईच्या पायाशी ठेवलं, म्हणाला, गाडी मागून बसली की पट्टीची उतरण बिघडते. शेजारणी हसल्या. "म्हातारीला पाय ठेवाय जागा न्हाई, पर रेघ बरुबर पायजे!"

"आत्ती, कुठनं जाणार?" एकीनं विचारलं. "सरळ फाट्याकडं?"

पार्वतीबाईनं म्हाळूकडं बघितलं. "हौसराव परवा येऊन गेला," ती म्हणाली. "म्हणाला, बाहेरच्या वाटनं जा, शाणपणाचं व्हईल."

"मग?"

"मग काय. येशीतनं घे."

वेशीत हौसरावाची बैलगाडी आडवी होती. दगडांनी भरलेली, एका बाजूला कललेली. एक चाक निघालेलं आणि शेजारच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. हौसराव सावलीत उभा.

म्हाळूनं गाडी थांबवली आणि उतरला. "काय झालं?"

"चाकाची खीळ पडली. चाक निसटलं."

"कवा?"

"आत्ताच."

"आन् बैलं कुठंयत?"

"बैलं... घरी नेली."

"आत्ताच?"

मागं हसण्याचा आवाज आला. वैशाखात शेतात खत न्यायची घाई असते. म्हाळूच्या गाडीमागं शेणखताच्या दोन बैलगाड्या येऊन थांबल्या होत्या, तिसरी येत होती. ऊन तापलं होतं आणि खताचा वास दाटला होता.

"ए हौसा," मागून एकजण ओरडला, "येस काय तुझ्या सासऱ्यानं आंदण दिलीय व्हय? काढ की गाडी!"

"खीळ न्हाई, चाक न्हाई, कशी काढू?"

"मग चाक लाव!"

"खीळ कुठनं आणू?"

म्हाळूनं डिकी उघडली. हत्यारांची पेटी आणि गाडीचा जॅक बाहेर काढला. पेटीतून एक जाड बोल्ट निवडला, बैलगाडीच्या आसाच्या भोकात घालून बघितला, थोडा सैल होता, म्हणून त्याला ट्यूबचा तुकडा गुंडाळला. जॅक आसाखाली लावला आणि कळ फिरवू लागला.

"म्हाळू, राहू दे," हौसराव जवळ येऊन हळू म्हणाला. "मला सर्जेरावानं सांगितलंय. समजून घे."

"तुला मी काय म्हणत न्हाई. तू फकस्त दगूड लाव तिकडच्या चाकाला. न्हाईतर गाडी पळंल आन् तुझाच पाय जाईल."

हौसरावानं दगड लावला. खताच्या गाडीवाल्यांपैकी दोघं उतरले. त्यांना म्हाळूशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना दिवस बुडायच्या आत खेपा संपवायच्या होत्या. दोघांनी चाक भिंतीपासून घरंगळत आणलं आणि आसावर चढवलं. म्हाळूनं बोल्ट ठोकला. मग त्या दोघांनी आणि म्हाळूनं जू धरून बैलगाडी बाजूला ओढली. भरलेली गाडी आणि बैल नाहीत. तिघांच्या माना ताणल्या, पाय धुळीत घसरले. हौसराव क्षणभर बघत राहिला आणि मग त्यानंही खांदा लावला.

पार्वतीबाई आत बसून होती. तिनं मान वळवली नाही, पदर सावरला नाही. जात्यावर पाय ठेवून समोर बघत होती.

चावडी वेशीपासून जवळ. पायऱ्यांवर सर्जेराव उभा होता, चार माणसं मागं. म्हाळूनं गाडी अगदी हळू आणली. पायऱ्यांसमोर आल्यावर ती आणखी हळू केली आणि थांबवली. थांबायची गरज नव्हती. रस्ता मोकळा होता.

"सर्जेराव, बरं हाय का?" पार्वतीबाई खिडकीतून म्हणाली. आजवर ती त्याला मालक म्हणत आली होती. तो पाळण्यात होता तेव्हाही.

सर्जेरावानं तिच्याकडं न बघता म्हाळूकडं बघितलं. "पट्ट्या लावू नको म्हून निरोप धाडला व्हता."

"मिळाला."

"मग?"

"लावल्या व्हत्या, त्या काढल्या," म्हाळू म्हणाला. "वाकड्या बसल्या व्हत्या. परत लावल्या. बघा सरपंच, कुठं चुकल्या आसतील तर सांगा. जरा मागं सरून बघा. जवळनं कळत न्हाई."

सर्जेरावाला बघायचं नव्हतं. पण त्याची नजर पुढच्या दिव्यापासून निघाली आणि दारावरून, मागच्या दारावरून, उतरत्या मडगार्डावरून मागच्या दिव्यापर्यंत गेली. मधे कुठं थांबली नाही. मागच्या चार माणसांतला एक म्हातारा पुटपुटला, "आबांचीच की रं." सर्जेरावानं त्याच्याकडं वळून बघितलं आणि म्हातारा गप्प झाला.

"नेलीस तेवढं बास झालं," सर्जेराव म्हणाला. "ह्याच्याफुडं ही गाडी गावातनं आणायची न्हाई."

"फुडल्या पुनवंला येतो," म्हाळू म्हणाला. "आईचं सामान ऱ्हायलंय."

त्यानं गियर टाकला. चावडी मागं पडली, देवळाचा पार मागं पडला, शेवटची घरं मागं पडली. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर पार्वतीबाई बोलली.

"काय ऱ्हायलंय रं? सगळं तर घेतलंय."

"काय न्हाई ऱ्हायलं."

तिनं वळून मागची गाठोडी बघितली. मग म्हणाली, "मग यायचं कशाला?"

"काय न्यायचं आसल तरच यायचं व्हय?" म्हाळू म्हणाला.

पार्वतीबाईनं यावर विचार केला. "न्हाई," ती म्हणाली. "तसं काय न्हाई."